बाळ घरी राहिलं नाही तरी

“मुलं किती?” वर्नाबाईंनी कीबोर्डवरून मान न उचलता विचारलं.

“नाहीत,” आमचे हे म्हणाले. बाईंचा प्रश्न पुरा व्हायच्या आधीच म्हणाले.

मी गप्प बसले. मला गप्प बसलेलं पाहिलेली माणसं शोधून सापडायची नाहीत, पण त्या दिवशी बसले. मांडीवर पर्स होती, पर्समध्ये जाडजूड तपकिरी पाकीट होतं, आणि ते मी बरोबर घेतलंय हे ह्यांना ठाऊक नव्हतं.

ही गोष्ट बरीच जुनी आहे. नॉर्थ कॅरोलिनातल्या आमच्या गावात टॅक्स भरून देणारं एक दुकान होतं, कपडे धुवायच्या मशिनी आणि पिझ्झावाला यांच्या मधोमध. जानेवारीत उघडायचं आणि एप्रिलात मुदत संपली की बंद व्हायचं, आपल्याकडे दिवाळीत फटाक्यांचे स्टॉल लागतात तसं. तिथं वर्नाबाई बसायच्या. शाळेच्या ऑफिसातून रिटायर झालेल्या बाई. टेबलावर पेपरमिंटच्या गोळ्यांची बरणी, खांद्यावर स्वतः विणलेली शाल. येईल त्याला ‘हनी’ म्हणायच्या, ह्यांनासुद्धा, आणि हे दर वर्षी तितकेच लाजायचे.

हे म्हणजे मनोहर होगाडे. इचलकरंजीचे, कोष्ट्याच्या घरातले, मागाच्या खडखडाटात वाढलेले. डिप्लोमा करून आधी तिकडच्या मिलमध्ये आणि मग इकडं, सोफ्याची कापडं विणणाऱ्या मिलमध्ये मागांच्या दुरुस्तीला आले. मागाशी दिवसभर बोलतील, माणसाशी नाही. लग्नात सासूबाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या होत्या, “आमचा मन्या अबोल आहे बाई, तूच दोघांचं बोल.” बोलले की. वर्षानुवर्षं दोघांचं मीच बोलत आले. प्रश्न माझा, उत्तरही माझंच, आणि ह्यांचं हूं.

पण एक उत्तर मला माझ्या तोंडचं चालणार नव्हतं. दत्तक देणाऱ्या संस्थेतून पत्र आलं होतं की, आमचं नाव यादीत ठेवायचं असेल तर मार्चअखेर सांगा, नाहीतर फाइल बंद होईल. मला पुन्हा जायचं होतं. एकटीनं जाता येत नव्हतं, दोघांची सही लागते. ह्यांना विचारलं की हे म्हणायचे, “परवडायचं नाही,” आणि उठून गाडी धुवायला जायचे. थंडीत सुद्धा. म्हणून मी ते पाकीट घेतलं होतं. परवडायचं नाही हे खरं असेल तर त्या पाकिटानं ते मिटणार होतं. आणि खरं नसेल, तर ह्यांना मूलच नको होतं. तेवढं तरी कळलं असतं.

ह्यांना मूल नको होतं असं मला का वाटायचं, ते सांगते.

त्या दिवसाच्या पावणेदोन वर्षं आधी, मे महिन्यात, आमच्याकडे एक बाळ आलं होतं. इचलकरंजीतला प्लॉट विकून आम्ही संस्थेचे आणि वकिलाचे पैसे भरले होते. इकडं पद्धत अशी की, जोडप्यांनी आपल्या फोटोंचा अल्बम करून द्यायचा आणि पोटुशी असलेली मुलगी त्यातून आपल्या बाळासाठी घर निवडते. आम्हाला निवडलं केसी नावाच्या एकोणीस वर्षांच्या पोरीनं. का निवडलं विचारल्यावर म्हणाली, बाकीच्या सगळ्या अल्बमांत माणसं कुत्रा घेऊन नाहीतर होडीत उभी होती, तुमच्या अल्बममध्ये ही बाई काहीतरी थापत होती. मी भाकरी थापत होते. तो फोटो ह्यांनी काढला होता आणि मी म्हणाले होते, हा नको लावायला, माझा अवतार बघा. बघा म्हणजे.

हॉस्पिटलातून बाळ घरी आलं. मुलगी. काळंभोर जावळ, मुठी मिटलेल्या. केसीनं सह्या केल्या होत्या, पण तिथल्या कायद्यानं तिला आठवड्याची मुदत होती. त्या मुदतीत मन बदललं तर बदललं, कुणी काही विचारायचं नाही. हे आम्हाला चारचारदा सांगितलेलं. आम्हीही चारचारदा मान डोलावलेली. ह्यांनी माझी एक जुनी सुती साडी काढली आणि पलंगाच्या वरच्या तुळईला झोळी बांधली. मिलमध्ये सुताला गाठ मारतात तशी गाठ, हत्ती टांगला तरी सुटायची नाही. संस्थेची बाई पाहणीला आली आणि झोळी बघून तिचा चेहराच उतरला. झोळी काढावी लागली. ती गेल्यावर ह्यांनी परत बांधली. मला वाटलं, चला, हा माणूस बाप झाला.

मुदत संपायच्या आदल्या दिवशी सकाळी फोन आला. केसीच्या आईनं लेकीला सांगितलं होतं की आपण सांभाळू. कसं सांभाळणार होत्या देव जाणे, पण सांभाळू म्हणाल्या. राग आला नाही असं मी म्हणणार नाही. आला. अजूनही एखाद्या दिवशी येतो.

संस्थेची गाडी दुपारपर्यंत येणार होती. मी बाळाला न्हाऊ घातलं, पावडर लावली आणि ह्यांच्याकडे दिलं. मी न्हाणीत जाऊन दार लावून घेतलं आणि नळ सोडला. बाळ ह्यांनी दिलं. मी बाहेर आले तेव्हा झोळी सोडून साडी घडी घालून ठेवली होती आणि हे बूट घालत होते. दुसऱ्या पाळीला निघाले होते. मला म्हणाले, “डबा नको आज.” बस्स. पोरगी दारातून गेली आणि हा माणूस डबा नको म्हणून सांगतो.

त्यानंतर आमच्या घरात त्या बाळाचा शब्द निघाला नाही. निघाला म्हणजे मी काढला, आणि भिंतीवर बोलल्यासारखा तो माझ्याकडेच परत आला. महिनाभरानं नणंदेचं, ह्यांच्या आक्काचं, पार्सल आलं. तिनं बाळंतविडा धाडला होता, कुंची, झबली, मऊ दुपटी, सगळं हातानं शिवलेलं. पोस्टात अडकून राहिलं होतं. हे पार्सलकडे बघून म्हणाले, “वर ठेव,” आणि जेवायला बसले. शार्लटला मराठी मंडळाचा गणपती असायचा, दोन तासांवर. तिथंही मी जाणं सोडलं. बायका हळद-कुंकू लावता लावता विचारणार, आणि उत्तर परत मलाच द्यावं लागणार. गावात मराठी बोलायला दुसरं कुणी नव्हतं. मी फ्रिजशी बोलायला लागले होते. हसू नका, बोलून बघा, तोही हूं म्हणतो.

तर असं सगळं झाल्यावर मी त्या फेब्रुवारीत टॅक्सच्या दुकानात बसले होते. संस्थेच्या बाईनं मला फोनवर सांगितलं होतं की, दत्तक घेण्यासाठी वकील, कोर्ट, संस्था असा जो खर्च होतो, तो सरकार तुमच्या करातून वळता करतं. टॅक्स क्रेडिट म्हणतात त्याला. एकदम हातात देत नाहीत, तुमचा त्या वर्षीचा कर जितका निघेल तितका माफ, उरलेलं पुढच्या वर्षी. पुष्कळ जोडप्यांना त्याच्या जोरावरच मूल घरी आणता येतं. आणि इथलंच मूल दत्तक घ्यायचा प्रयत्न फसला असेल, तरी एक वर्ष थांबून मागता येतं.

मी पाकीट काढलं आणि टेबलावर ठेवलं. “हेही बघा,” मी वर्नाबाईंना म्हणाले.

हे पाकिटावरचं संस्थेचं नाव वाचत होते, आणि त्यांच्या मानेची शीर ताठ झालेली मला दिसली.

“ते उघडू नको,” मराठीत म्हणाले, हळू.

“का?”

“उघडू नको म्हणतो ना.”

मला वाटलं होतं, आता तरी हे म्हणतील की मला मूल नको, कशाला हे. ते ऐकायची तयारी करूनच आले होते मी. रात्रभर आरशापुढं नसेल, पण मनात ते वाक्य शंभरदा ऐकून घेतलं होतं. वर्नाबाईंना आमचं बोलणं कळत नव्हतं, पण नवराबायकोचं काहीतरी चाललंय हे कुठल्याही भाषेत कळतं. त्यांनी बरणी आमच्याकडे सरकवली आणि उगाच पेन्सिलींना टोक काढत बसल्या.

“परवडायचं नाही, परवडायचं नाही म्हणता,” मी म्हणाले. “आता परवडतंय तर का नको?”

ह्यांनी पाकिटावर हात ठेवला. मग म्हणाले, “जी पोर आपण हातानं दिली, तिचे पैसे घ्यायचे?”

असा विचार माझ्या डोक्याला शिवलाही नव्हता. मला ते पैसे म्हणजे पुढच्या बाळाची वाट वाटत होते. ह्यांना ती गेलेल्या बाळाची किंमत वाटत होती. आणि हा माणूस हे असलं काहीतरी मनात धरून सकाळ-संध्याकाळ माझ्यासमोर आमटी ओरपत होता.

“दिली नाही आपण,” मी म्हणाले. “नेली त्यांनी.”

“तू न्हाणीत होतीस. दिली ती मी.”

मी बरणीतली एक गोळी काढली आणि तिचा कागद उलगडत बसले.

शेवटी वर्नाबाईंनीच पाकीट ओढून घेतलं. एकेक पावती बघितली, आणि बघता बघता त्यांचा हात सावकाश झाला. बाळ किती दिवसांचं होतं, त्यांनी विचारलं. मी सांगितलं. त्यांनी चष्मा काढून शालीला पुसला. मग ह्यांच्याकडे वळून, शाळेतल्या पोराला समजवावं तसं त्यांनी सांगितलं की, हे कुणी कुणाला दिलेले पैसे नाहीत, तुमचेच भरलेले आहेत. बाळ घरी राहिलं की नाही, हे सरकार विचारतच नाही. तुम्ही खरंच प्रयत्न केलात का, एवढंच विचारतं.

“केलात ना तुम्ही?” त्या म्हणाल्या.

ह्यांनी मान हलवली.

“मग मला एक पान जास्तीचं भरायचंय. थोडे प्रश्न विचारते, हनी. जेवढं सांगता येईल तेवढं सांगा.”

जन्माचं वर्ष मी सांगितलं. इथंच जन्मलेली का, हो. आजारी वगैरे होती का, नाही, ठणठणीत होती. भुकेची वेळ झाली की घर डोक्यावर घ्यायची, हे त्यांनी विचारलं नव्हतं तरी सांगितलं.

“आणि नाव?” वर्नाबाई म्हणाल्या.

आता वर्नाबाईंना काय सांगायचं. आमच्यात बाळाचं नाव बाराव्या दिवशी ठेवतात. त्याच्या आधी ठेवत नाहीत, उच्चारत सुद्धा नाहीत. बारशाला बाळाची आत्या पाळण्यापाशी येते, बाळाच्या कानात कुर्र करते आणि नाव सांगते. आधी बाळाला, मग जगाला. नणंदेनं फोनवरून आत्या व्हायचं कबूल केलं होतं, स्पीकर बाळाच्या कानाशी धरायचा असं ठरलं होतं. पण बारावा दिवस आमच्या घरात उजाडलाच नाही. आम्ही तिला बाळ म्हणायचो, बाळी म्हणायचो, मी तर ढमे सुद्धा म्हणायचे. हॉस्पिटलच्या पट्टीवर नुसतं ‘मुलगी’ लिहिलेलं. जिच्यासाठी मी इतकी रडले तिला हाक मारायला माझ्याकडे नाव नव्हतं, आणि हे मला सगळ्यात जास्त खुपायचं. स्वप्नात सुद्धा यायची तर मी नुसती बघत राहायचे.

“नाव नव्हतं हो ठेवलं,” मी वर्नाबाईंना म्हणाले. “मोकळंच सोडा ते.”

त्या पुढच्या ओळीवर जाणार, तेवढ्यात हे म्हणाले, “आहे.”

मला वाटलं, इंग्रजी चुकलं ह्यांचं.

“नाव आहे तिला,” हे परत म्हणाले. “सगुणा. सगुणा होगाडे.”

वर्नाबाईंना ते जमेना. ह्यांनी त्यांच्या हातातली पेन्सिल घेतली आणि कागदाच्या तुकड्यावर एकेक अक्षर ठळक काढून दिलं. मिलमध्ये यंत्राच्या नंबराच्या पाट्या रंगवतात तसं, रेघेत. त्यांनी बघून बघून टाइप केलं, आणि त्यांच्या तोंडून ते मोठ्यानं म्हटलं गेलं, चुकत-माकत, “सा-गू-ना.” त्या दुकानात, त्या मशिनींच्या घरघरीत, माझ्या लेकीला पहिल्यांदा कुणीतरी नावानं हाक मारलेली मी ऐकली.

पुढं काय विचारलं, कुठं सह्या केल्या, मला आठवत नाही. वर्नाबाईंनी माझ्या मुठीत पेपरमिंटच्या गोळ्या कोंबल्या एवढं आठवतं.

बाहेर गाडीत येऊन बसलो. काचांवर दव गोठलेलं, बाहेरचं काही दिसत नव्हतं. ह्यांनी किल्ली लावली पण फिरवली नाही. ज्या बाईनं आयुष्यभर ह्यांचं बोलणं केलं, तिला तेव्हा एक शब्द सुचेना.

मग हे आपणहून बोलायला लागले. समोरच्या काचेकडं बघत.

“गाडी दारात आली होती. तू न्हाणीत. दार वाजवायला गेलो होतो, पण नळ ऐकला आणि वाजवलं नाही. म्हटलं, पोरगी बिननावाची कशी धाडायची? पुढं ते लोक काय नाव ठेवतील ते ठेवतील. पण आपल्या घरात येऊन गेली, आपल्या घरचं काही नको तिच्याजवळ? आक्का नव्हती. आत्याचं काम ते, मला माहितंय. पण कोण करणार होतं? मीच केलं. कुर्र पण केलं.”

मी त्यांच्याकडं बघितलं. मिशीतून पाणी गळत होतं, पुसत नव्हते.

“ऐकलं का तिनं?” मी विचारलं. वेड्यासारखा प्रश्न, पण विचारला.

“हसली. म्हणजे पोटातलं वारं असेल, तेवढ्या पोराला कुठलं हसू. पण माझ्याकडं बघून तोंड असं केलं.” आणि हा माणूस, बावन्नाव्या वर्षी, त्या थंडगार गाडीत मला ते तोंड करून दाखवायला लागला.

“मला का नाही सांगितलं?”

“बारावा दिवस नव्हता,” म्हणाले. “आधी घेतलं नाव. अपशकुन केला की काय मी, असं वाटायचं. तुला सांगितलं असतं तर तू ते नाव घेऊन रडली असतीस. नुसतं रडत होतीस तेच बघवत नव्हतं.”

मी रडले. नाव घेऊन रडले, सगुणा, सगुणा, पोटभर. हे मला थांबवायला गेले नाहीत. त्यांनी नुसता माझ्या पाठीवर हात ठेवला आणि तो तिथंच राहू दिला. इतके दिवस मी एकटीच रडतेय असं मला वाटत होतं. एकाच घरात, एकाच पांघरुणात, दोघं आपापलं एकटंच रडत होतो, आणि मी मात्र हे मागाशी बोलतात म्हणून चिडवत होते. कोण जाणे तिथं मागाच्या आवाजात हे काय बोलत असतील.

पिझ्झावाल्याकडून कुणीतरी बाहेर आलं, त्याच्या गाडीचा उजेड आमच्या गोठलेल्या काचेवर पसरला आणि गेला. ह्यांनी किल्ली फिरवली. हीटर सुरू झाला. पहिल्यांदा गारच वारा आला.

“संस्थेला फोन करू का?” मी विचारलं.

काचेवरचं दव खालून वितळायला लागलं, एक हातभर रस्ता दिसायला लागला. हे तेवढ्यातूनच बघत होते. मला वाटलं, आता म्हणतील परवडायचं नाही.

“कर,” हे म्हणाले. गाडी मागं घेतली, वळवली, आणि रस्त्याला लागल्यावर म्हणाले, “पण नाव दुसरं शोध. ते दिलेलं आहे.”